उन्हाच्या गावची पोरं, गारव्याचं काम

पालकहो, हल्ली सोलापुरातल्या ओळखीच्या घरांतून माझ्याकडं एकच प्रश्न फिरून फिरून येतो. पोराला किंवा पोरीला डेटा सेंटरच्या मेकॅनिकल डिझाइनमध्ये नोकरी लागलेली असते. ऑफर लेटरवर 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' असं लिहिलेलं असतं आणि घरात पेढ्यांच्या आधी शंकाच वाटल्या जातात. आईला वाटतं, ही तर कॉम्प्युटरवाल्यांची जागा, मेकॅनिकलचं लेकरू तिथं काय करणार? वडिलांना कुणीतरी कानात सांगितलेलं असतं की हे एसीचं काम आहे. मग ते मला फोन करतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "एवढं शिकून एसीच बसवायचे व्हय?"

माझी उमेदीची वर्षं याच धंद्यात गेली. चिलर, पंप, पाइप, हवेचे डक्ट. त्यामुळं दोन्ही शंका कुठून येतात ते मला कळतं. आपल्याकडं मेकॅनिकल म्हटलं की डोळ्यापुढं चिंचोळी एमआयडीसीतलं मशिन शॉप येतं, कॅमशाफ्ट येतो, साखर कारखान्याचा बॉयलर येतो. वालचंद, ऑर्चिड, सिंहगड नाहीतर पंढरपूरच्या स्वेरीतून बाहेर पडलेल्या पोरानं चाकणला जावं, गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागावं, हा रस्ता पालकांच्या पायाखालचा आहे. हा दुसरा रस्ता नवा आहे, म्हणून थोडं बसून बोलू.

सर्व्हरला दिलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातून ना कापड निघतं, ना पाणी वर चढतं. आत गेली वीज, बाहेर आली धग. एक मेगावॅट विजेवर चालणाऱ्या सर्व्हरांची उष्णता काढायला साधारण 284 टनांचं शीतकरण लागतं. घरी आपण दीड टनाचा एसी लावतो, म्हणजे तसे 190 एसी झाले, आणि तेही रात्रंदिवस, वर्षाचे 365 दिवस, एक मिनिट न थांबता. हे झालं एका मेगावॅटचं. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात आज जी संकुलं उभी आहेत ती दहा-दहा, वीस-वीस मेगावॅटच्या आणि त्याहून मोठ्या पटीत मोजली जातात. ही उष्णता कुठून, कशी, कोणत्या पाइपातून, कोणत्या पंपानं बाहेर न्यायची आणि मधलं एखादं यंत्र बंद पडलं तर काय, हे ठरवणं म्हणजे मेकॅनिकल डिझाइन. एसी बसवणाऱ्या माणसाला मी कमी लेखत नाही, त्याच्याकडून मी पुष्कळ शिकलो. पण तुमच्या लेकराचं काम त्याच्या कितीतरी आधी, कागदावर सुरू होतं.

हे सगळं एकदम आलं कुठून, असंही विचारतात. एकदम नाही आलं. मायक्रोसॉफ्टनं 2015 साली पुण्यात आपलं क्लाऊड केंद्र सुरू केलं, ॲमेझॉननं 2016 साली मुंबईत, गूगलनं 2017 साली मुंबईतच. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं फर्मान काढलं की पैशाच्या देवाणघेवाणीची माहिती भारतातच साठवायची. तुम्ही नवी पेठेत साडीचे पैसे फोनवरून देता, त्याची नोंद देशाबाहेर ठेवून चालत नाही. 2020 साली पनवेलजवळ योट्टाची मोठी इमारत सुरू झाली. 2023 च्या राज्याच्या आयटी धोरणात डेटा सेंटरसाठी सवलती आल्या. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, म्हणून गर्दी तिथं. आणि आता एआय. पूर्वी सर्व्हरचं एक कपाट, ज्याला रॅक म्हणतात, पाच-दहा किलोवॅट घ्यायचं. एनव्हिडियाचं नव्या पिढीचं एक रॅक 120 किलोवॅटच्या आसपास घेतं. एवढी धग हवेनं निघत नाही, म्हणून चिपला चिकटवलेल्या धातूच्या पट्टीतून थेट पाणी फिरवायची वेळ आली. इथं कॉम्प्युटरवाल्यांनी हात टेकले आणि मेकॅनिकलवाल्याला बोलावलं, असं मी जरा फुशारकीनं म्हणतो.

आता पहिल्या वर्षात तुमचं लेकरू दिवसभर काय करतं, ते सांगतो. पालकांची सगळ्यात जास्त निराशा इथंच होते.

ते टेबलापाशी बसतं आणि दुसऱ्यानं काढलेली ड्रॉइंग दुरुस्त करतं. व्हॉल्व्हची यादी बनवतं. पाइपचा व्यास काढतं. इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये आपला पाइप इलेक्ट्रिकलवाल्यांच्या केबल ट्रेला कुठं धडकतो ते शोधतं. मग वरिष्ठ त्या ड्रॉइंगवर लाल शेरे मारून परत पाठवतात, ते पुन्हा काढायचं, 'आर झिरो'चं 'आर वन' होतं, 'आर वन'चं 'आर फोर'. रात्री फोनवर तुम्ही विचारता, "आज काय केलंस?" त्यावर "पाइप हलवला" एवढंच उत्तर येतं. तुम्हाला वाटतं, याच्यासाठी आपण चार वर्षं फी भरली?

एक उदाहरण देतो, म्हणजे त्या पाइप हलवण्यात काय दडलंय ते दिसेल. मोहोळ-मंगळवेढ्याकडं ज्यांची शेती आहे त्यांना विहिरीवरच्या मोटारीचं हेड कळतं. पाणी जेवढं उंच चढवायचं तेवढी मोटार दमदार. आपलं पोर हेच डोक्यात घेऊन येतं. सहा मजली इमारतीच्या गच्चीवर चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, आहेत, खाली सर्व्हर आहेत, म्हणून ते इमारतीची सगळी उंची पंपाच्या हेडमध्ये धरतं आणि भलामोठा पंप निवडून मोकळं होतं. पण चिलरच्या थंड पाण्याची पाइपलाइन हे बंद वर्तुळ असतं. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूनं खाली उतरतं, उंचीचा हिशोब फिटतो. उरतं फक्त पाइप, बेंड, व्हॉल्व्ह यांचं घर्षण. ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत आहे. ती अंगात मुरायला मात्र एखादी गणितवही लाल शेऱ्यांनी भरावी लागते. चुकीचा पंप बसला तर तो पुढची पंधरा-वीस वर्षं गरज नसलेली वीज खात राहतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

यापुढची पायरी अजून अवघड. डेटा सेंटरमध्ये 'चालेल का' एवढं विचारून भागत नाही. 'हे बंद पडलं तर चालेल का' हे विचारावं लागतं. गरज चार चिलरची असेल तर पाचवा उभा करायचा. एका पाइपची दुरुस्ती करायची तर पाणी दुसऱ्या वाटेनं गेलं पाहिजे. अपटाइम इन्स्टिट्यूट नावाची संस्था या केंद्रांना टियर एक ते चार अशा पायऱ्या देते. तिसऱ्या पायरीची अट अशी की कोणतंही यंत्र दुरुस्तीला काढा, सर्व्हर थांबता कामा नये. तुमची पोरगी त्या नकाशावर एकेक व्हॉल्व्ह मनातल्या मनात बंद करते आणि पाणी कुठं अडतंय ते बघते. हे काम बाहेरून शांत दिसतं, आत डोकं भणाणलेलं असतं.

मी हे उगाच वाढवून सांगत नाही. 14 ऑक्टोबर 2023 रोजी सिंगापुरात डीबीएस आणि सिटी या दोन बँकांचे व्यवहार कोलमडले. सुमारे 25 लाख पेमेंट आणि एटीएमचे व्यवहार होऊ शकले नाहीत. चोरी झाली नव्हती, व्हायरसही नव्हता. डेटा सेंटरच्या कूलिंग यंत्रणेचं ठरलेलं काम सुरू असताना कंत्राटदाराकडून थंड पाण्याच्या राखीव टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करण्याचा चुकीचा संदेश गेला, आणि खोल्या तापल्या. या टाक्या असतात कशासाठी, तर वीज गेल्यावर जनरेटर काही सेकंदांत उठतो, पण चिलरला पुन्हा जोमात यायला काही मिनिटं लागतात. मधल्या वेळात टाकीतलं गार पाणी निभावून नेतं. तेच अडलं. म्हणजे बँक थांबली ती पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी, आणि व्हॉल्व्ह हा मेकॅनिकलवाल्याचा प्रांत.

त्याआधी 19 जुलै 2022 रोजी लंडनमध्ये पारा 40 अंशांवर गेला आणि गूगल, ओरॅकल यांच्या तिथल्या केंद्रांतली शीतकरण यंत्रणा गडबडली. 40 अंश! आपल्याकडं एप्रिलमध्ये लोक त्या उन्हात लग्नाच्या पंगती उठवतात. अर्थात यात लंडनच्या इंजिनिअरला हसण्यासारखं काही नाही. त्यानं त्याच्या गावच्या उन्हाचा हिशोब धरला होता, ऊन हिशोबाबाहेर गेलं. प्रत्येक डिझाइनमध्ये बाहेरचं तापमान किती धरायचं हा पहिला आकडा असतो आणि तो धरताना हात थरथरला पाहिजे.

आणि या आकड्याच्या बाबतीत सोलापूरच्या पोराकडं एक शिदोरी असते, फक्त ती शिदोरी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या घरात मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर मुंबईच्या बहिणीकडं लावला तर नुसता दमटपणा. का? हवा कोरडी असेल तर पाणी झपाट्यानं वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान दिसतं त्याला वेट बल्ब म्हणतात. सोलापुरात 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर वेट बल्ब 24 च्या जवळ येतं. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर ते 28 च्या पुढं जातं. म्हणजे पाणी वाफवून उष्णता घालवणाऱ्या कूलिंग टॉवरच्या नजरेनं पाहिलं तर आपली होरपळणारी दुपार मुंबईच्या चिकचिकीपेक्षा जास्त थंड आहे. कॉलेजात हा धडा सायक्रोमेट्रिक चार्टवर येतो आणि पोरं तो परीक्षेपुरता पाठ करतात. कूलरची टाकी भरताना ज्यानं तो भोगलाय त्यानं पाठ करण्याची गरज नाही.

पण टाकी भरायची कशानं? इथं सोलापूरकर लगेच हसतो, कारण नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं काय असतं हे त्याला नव्यानं सांगावं लागत नाही. एक मेगावॅट उष्णता नुसतं पाणी वाफवून घालवायची म्हटलं तर दिवसाला 35 हजार लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. पाणी वाचवायचं तर हवेनं थंड होणारे चिलर लावावे लागतात, ते वीज जास्त खातात. पाणी की वीज, याचं एकच बरोबर उत्तर नाही. गाव बघून, नदी बघून, पालिकेचं सांडपाणी शुद्ध करून मिळतंय का ते बघून ते काढावं लागतं. उजनी भरली की नाही याची बातमी ज्या घरात चहाबरोबर वाचली जाते, त्या घरातलं पोर या प्रश्नाला हलक्यानं घेणार नाही, अशी माझी समजूत आहे. घेतलं तर तुम्ही कान धरा.

आणखी एक. हे काम आपल्या गावाला तसं परकं नाही. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, मग लक्ष्मी-विष्णू आली, नरसिंग गिरजी आली. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून कताई खात्यात हवेला ओल द्यावी लागते. अमेरिकेत विलिस कॅरिअरनं 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतली ओल आवरणारं यंत्र आखलं, आणि 1906 साली स्टुअर्ट क्रेमर या माणसानं कापडगिरण्यांसाठी हवेत बाष्प सोडायच्या तऱ्हा काढल्या. एअर कंडिशनिंगचा धंदा सुरुवातीला माणसाच्या सुखासाठी नव्हताच. तो कागदासाठी आणि सुतासाठी होता. आज तो सर्व्हरसाठी आहे. सूतगिरणीत अजूनही ह्युमिडिफिकेशन प्लँट असतो, पाण्याचे फवारे आणि मोठे पंखे असतात. तुमच्या ओळखीत तिथं कुणी असेल तर पोराला जॉइन होण्याआधी एक दिवस तिकडं पाठवा. कुठल्याही क्लासपेक्षा ते उपयोगी पडेल.

क्लासवरून आठवलं. हल्ली 'एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) डिझाइन, शंभर टक्के प्लेसमेंट' असे बोर्ड लावून मोठी फी घेणारी दुकानं निघाली आहेत. सगळीच वाईट नसतील. पण सॉफ्टवेअरची बटणं दाबायला शिकवणं आणि डिझाइन शिकवणं यात फरक आहे. मुलाखतीत मी पोरांना मॉडेल उघडायला सांगत नाही, कागद-पेन देतो आणि पंपाचं हेड काढायला लावतो. बटणं शिकून आलेले तिथं अडतात. ज्यांनी फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर आणि रेफ्रिजरेशन हे तीन विषय मनापासून केलेत ते बटणं दोन महिन्यांत शिकतात. पैसे खर्च करायचेच असतील तर इश्रे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या संस्थेचं विद्यार्थी सभासदत्व घ्या. तिथल्या कार्यक्रमांत याच धंद्यातली माणसं भेटतात, आणि आपल्या धंद्यात ओळखीला अजूनही भाव आहे.

पगार. तुम्ही या मुद्द्याची वाट बघत होता, मला ठाऊक आहे. पहिली दोन वर्षं तो हिंजवडीत सॉफ्टवेअरला लागलेल्या मामेभावापेक्षा कमी असण्याची शक्यता बरीच आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून, हातात पूर्ण झालेली एक-दोन कामं असली की, चित्र पालटू लागतं. कारण या क्षेत्रात 'मी हे डिझाइन केलं आणि ते चालू झालं' असं सांगणारी माणसं कमी आहेत. म्हणून पहिल्या दोन वर्षांत, कुणाच्या तरी लग्नात कुणीतरी आकडा सांगितला म्हणून, पोराला कोडिंगच्या कोर्सला ढकलू नका. 'जेई'ची परीक्षा देत देत नोकरी कर, असंही सांगू नका. दिवसभर ड्रॉइंग काढून आलेलं पोर रात्री चालू घडामोडी वाचणार, म्हणजे त्याचं दोन्हीकडं नुकसान. सरकारी नोकरी हवी असेल तर ती आधी ठरवून, नीट तयारी करून घ्यावी. त्यात काही वावगं नाही.

ही तेजी ओसरली तर? ओसरू शकते. एआयच्या नावानं आज जेवढे पैसे ओतले जातायत तेवढे कायम ओतले जातील असं मी तरी सांगणार नाही. पण थंड पाणी, पंप, हवेचा प्रवाह हे ज्ञान औषधाच्या कारखान्यात लागतं, हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये लागतं, मेट्रोच्या भुयारी स्टेशनात लागतं. फक्त डेटा सेंटरचं एकच छोटं काम, समजा नुसतं मॉडेलिंग, वर्षानुवर्षं करत बसलेला माणूस मात्र अडचणीत येतो. म्हणून कंपनी कसली आहे ते विचारा. सल्लागार कंपनी असेल तर डिझाइन शिकायला मिळतं, साइट कमी. कंत्राटदाराकडं साइट भरपूर, पण डिझाइन पुष्कळदा आयतं येतं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीत यंत्रं जवळून कळतात आणि शिफ्ट असते. माझं मत विचाराल तर सुरुवात सल्लागाराकडं करावी आणि वर्षाच्या आत हट्टानं साइट मागून घ्यावी.

मुलींच्या आईवडिलांशी इथं थोडं वेगळं बोलायचंय. लेकीला टेबलावरचं डिझाइन चालेल, साइट नको, असं तुम्ही म्हणता आणि ते काळजीपोटी म्हणता. पण इमारत पूर्ण झाल्यावर कमिशनिंग नावाचा प्रकार असतो. खऱ्या सर्व्हरऐवजी तापणारी लोड बँक नावाची यंत्रं लावतात, खोली पूर्ण तापवतात आणि मग मुद्दाम वीज तोडतात. कागदावर जे म्हटलं ते घडतंय का, हे त्या काही मिनिटांत दिसतं. कधी रात्री दोन वाजता दिसतं. ज्या इंजिनिअरनं हे उभं राहून पाहिलंय तिच्या ड्रॉइंगला पुढं वजन येतं. जिनं पाहिलं नाही तिला दहा वर्षांनीही दुसऱ्याचं ऐकून सही करावी लागते. तेव्हा 'नको' म्हणण्याऐवजी कंपनीला प्रश्न विचारायला लेकीला शिकवा. रात्री न्यायला-आणायला गाडी आहे का, साइटवर स्वच्छतागृह आहे का, सोबत आणखी कुणी बाई असते का. उत्तरं लेखी मागावीत. चांगल्या कंपनीला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्या कंपनीला येतो तिथं मुलालाही पाठवू नये.

बाकीच्या सूचना थोडक्यात. बाँडचा कागद असेल तर घरी आणून दोघांनी वाचा, सही तिथल्या तिथं नको. मूळ गुणपत्रिका आणि पदवी कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. घणसोली-कोपरखैरणेकडं खोली घ्यायची तर अनामत रक्कम अंगावर येते आणि पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना जातो, तेवढे पैसे आधी बाजूला काढा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी द्या, ती टिकते आणि खोलीतल्या बाकीच्या पोरांशी ओळख करून देते.

शेवटी तुम्ही दारापर्यंत सोडायला येता आणि खरा प्रश्न तिथं विचारता: परत येईल का हो सोलापूरला? खोटं कशाला बोलू? या कामासाठी लवकर येणार नाही. मोठी केंद्रं मुंबईच्या पट्ट्यात आहेत, पुण्यात आहेत, हैदराबाद-चेन्नईत आहेत. काही जण पुढं परदेशी प्रकल्पांची ड्रॉइंग घरी बसून काढतात, पण ती सवलत अनुभवी माणसाला मिळते, शिकाऊ पोरानं ती मागूच नये. 'वंदे भारत' आहे, रात्रीची 'सिद्धेश्वर' आहे, ये-जा होत राहील. गड्ड्याच्या यात्रेला येणार असेल तर नोव्हेंबरातच साहेबाच्या कानावर घालून ठेवायला सांगा. कमिशनिंगच्या तारखा संक्रांत बघून ठरत नाहीत, आणि ऐन वेळी मागितलेली रजा मीही कधी दिलेली नाही.